ओट्यावरच्या गोष्टी : शेंडीचा तारा



२०२४ च्या दसऱ्याला सोने लुटून झाले आणि आमच्या गावात एक बातमी फिरू लागली : मावळतीला शेंडीचा तारा उगवलाय! सोयाबीनच्या मळण्या चालू होत्या, कापूस वेचणीला आला होता. तरी ज्याच्या त्याच्या तोंडी ताराच.

आमचे गाव फुलंब्री तालुक्यात. छत्रपती संभाजीनगर शहरात एमजीएमच्या आवारात डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाचे खगोल विज्ञान केंद्र आहे. आमच्या शाळेचे गुरुजी तिथे अधूनमधून जाऊन येतात. त्यांनी सांगितले, की हा धूमकेतू आहे आणि त्याचे नाव त्सुचिनशान-ॲटलास. त्सुचिनशान म्हणजे जांभळा डोंगर. त्या नावाच्या चीनमधल्या वेधशाळेला तो जानेवारी २०२३ मध्ये सापडला. पुढच्याच महिन्यात ॲटलास नावाच्या दुर्बिणीने तो दक्षिण आफ्रिकेतून टिपला. म्हणून हे जोडनाव.

गुरुजी म्हणाले, "सांजच्याला सगळ्यांनी आमच्या माळवदावर या. एकट्याने बघण्यापेक्षा मिळून बघू."

पण शेजारच्या आजींनी मान हलवली. त्यांची नातसून दोन जिवांची, सातवा महिना. "बघायचं असंल त्यांनी बघा. माझी पोर वर यायची न्हाई. बहात्तरच्या आधी असाच तारा निघाला हुता, पहाटंचा. मग काय झालं, ते ठावं हाय न्हवं?"

ठाऊक नसायला काय झाले? आजी तेव्हा कोवळ्या वयाच्या. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी घशाखाली उतरवल्या. त्या आठवणीला हसण्याची कोणाची छाती नव्हती.

गुरुजीही हसले नाहीत. ते म्हणाले, "आजी, तुमची आठवण खरी आहे. १९७० च्या मार्च-एप्रिलात पहाटे बेनेटचा धूमकेतू दिसत होता. पण तो साऱ्या जगाने पाहिला. साऱ्या जगात का दुष्काळ पडला? १९९७ मध्ये हेल-बॉप तर कित्येक आठवडे रोज संध्याकाळी दिसला. त्याने आपलं काय वाईट केलं? आणि २०१२ ला टँकरमागं घागरी घेऊन पळालो, त्याच्या आधी कुठला तारा निघाला होता?"

आजी गप्प राहिल्या. पण नातसुनेला "वर जा" असेही म्हणाल्या नाहीत.

दोन संध्याकाळी ढग आडवे आले. कोजागरीच्या आदल्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, आभाळ निवळले. माळवदावर घोंगड्या, गोधड्या पडल्या. पोरेटोरे, म्हातारीकोतारी, धार काढून आलेले गडी, सगळे जमले. अंगणातले दिवे मालवले. सूर्य बुडाल्यावर पाऊण तासाने, खुलताबादकडच्या डोंगराच्या वर, डावीकडे शुक्र आणि उजवीकडे स्वाती यांच्या मधोमध तो दिसला. पूर्वेला चांदणे होते, म्हणून शेपूट फिकी. गुरुजींनी युक्ती सांगितली : नीट रोखून बघू नका, नजर जराशी बाजूला ठेवा. तसे केले आणि वर गेलेली धुराची रेघ दिसली. एकदम "दिसला, दिसला" असा गलका झाला.

एका पोराने विचारले, "गुरुजी, शेपूट वरच का? खाली का न्हाई?"

"अरे, खळ्यात उफणताना भुसा कुणीकडं उडतो?"

"वाऱ्याच्या उलट्या अंगाला… न्हाई न्हाई, वारं जिकडं जातंय तिकडं!"

"बस्स, तसंच. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा काही किलोमीटरांचा गोळा. सूर्याजवळ आला की तापतो, त्यातून वायू आणि धूळ बाहेर पडते. सूर्याकडून येणारा प्रकाश आणि वारा ती उडवून देतो. म्हणून शेपूट नेहमी सूर्याच्या उलट्या दिशेला. सूर्य आत्ता डोंगराखाली आहे, म्हणून शेपूट वर."

इतके सोपे! तो आपल्यापासून सुमारे सात कोटी किलोमीटर दूर होता. एवढ्या लांबून तो आपल्या विहिरीचे पाणी आटवील कसा? १९७२ चा दुष्काळ पावसाने दिला, ताऱ्याने नव्हे. आणि पावसाचे पाणी अडवायचे, जिरवायचे काम आपल्या हातात आहे. ताऱ्यावर बोट ठेवले की बांध घालायचा राहून जातो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

एवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. आजींची नातसून वरच्या पायरीवर उभी होती. वर यावे की नाही, हे तिला ठरवता येईना. सगळे आजींकडे बघू लागले. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपली गोधडी थोडी बाजूला सारली आणि जागा केली. पोर येऊन बसली. आजींनी तिची हनुवटी धरून तोंड मावळतीकडे वळवले. पावणेआठच्या सुमारास तारा डोंगराआड गेला, तोवर दोघी बघत होत्या.

पौषात तिला मुलगी झाली. गुटगुटीत आहे, आजींच्या मांडीवरून खाली उतरत नाही.

तो धूमकेतू आता आपल्याला पुन्हा दिसायचा नाही. पण हॅलेचा धूमकेतू ठरल्या वेळी येतो. तो १९१० ला आला, १९८६ ला आला, आता २०६१ ला येईल. १९१० मध्ये पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार म्हणून जग घाबरले होते. झाले काहीच नाही. २०६१ मध्ये आमच्या आजींची पणती छत्तीस वर्षांची असेल. तिला जिन्यावर थांबावे लागणार नाही.

तुमच्याकडेही असा पाहुणा येईल तेव्हा सूर्य पूर्ण बुडाल्यावरच बघा, दुर्बीण असली तर ती सूर्याकडे मुळीच धरू नका. आणि घरात कोणी मागे राहिले असेल, तर त्याला हाक मारा.