श्रावणातली दाढी आणि हनुवटीची खाज

उत्तरेकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. त्यामुळे झाशीतल्या मराठी घरात कुणी 'श्रावण पाळायचा' म्हणून वस्तरा बाजूला ठेवतो, तेव्हा शेजाऱ्यांचा महिना निम्मा सरलेला असतो. १७४२ मध्ये नारो शंकर सुभेदार होऊन इथे आले. त्या काळापासून या शहरात मराठी घरे आहेत आणि श्रावणातली दाढीही.

पहिले चार दिवस काही जाणवत नाही. आठवडा उलटला की हात सारखा हनुवटीकडे जाऊ लागतो. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचे टोक धारदार असते, ते वाढताना कातडीला टोचते. कुरळा केस तर वळून पुन्हा कातडीत शिरतो. त्यात मे-जूनचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसलेली त्वचा आणि वर पावसाळ्यातला घाम! ही साधी खाज दोनतीन आठवड्यांत आपोआप कमी होते.

तोपर्यंत अंगाचा साबण दाढीला लावू नये. सौम्य फेसवॉश बोटांनी केसांच्या मुळापर्यंत न्यावा, भरपूर पाण्याने धुवावा आणि चेहरा न घासता टिपून घ्यावा. मग थोडे बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. आग फारच होत असेल तर थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल दहा मिनिटे ठेवावा.

घरात तेलाचा आग्रह होतोच. आई खोबरेल काढते, शेजारीण मोहरीचे सुचवते. पण दाढीतून कोंडा पडत असेल तर दोन्ही बाटल्या परत फडताळात ठेवाव्यात. त्वचेवरची एक सूक्ष्म बुरशी तेलकटपणावरच पोसते. अशा वेळी डॉक्टर बहुधा किटोकोनॅझोलचा शाम्पू देतात. तो काही मिनिटे ठेवून धुवायचा असतो.

खरा धोका औषधाच्या दुकानात असतो. गालावर गोल, लालसर कडांचा चट्टा दिसतो आणि दुकानदार 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब देतो. दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूश होतो आणि चार जणांना तीच ट्यूब सांगतो! पण त्यातल्या स्टेरॉइडने खाज फक्त दबते, गजकर्ण आतून पसरत राहते. कडा पुसट झाल्याने डॉक्टरलाही ते ओळखणे कठीण जाते. चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, तरी ती सर्रास मागितली जातात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन ही नावे दिसली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नये.

गजकर्ण टॉवेलवरून मुलाबाळांपर्यंत जाते, म्हणून टॉवेल वेगळा हवा. पू, वेदना, सहज निघून येणारे केस किंवा पसरणारा चट्टा दिसला तर थांबू नये. मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजमध्ये त्वचारोग विभाग आहे. डॉक्टरांनी केस कमी करायला सांगितले तर कातडीला न भिडणारी मशीन चालवावी. श्रावण किती मोडला, याचा हिशेब घरच्यांनी मागू नये!