नाटकाच्या थाटाचे लग्न



यंदा वैशाखात आमच्या भाचीचे लग्न झाले. पोरगी जत्रेच्या नाटकात काम करते आणि नवरामुलगाही शेजारगावच्या नाट्यमंडळातला. दोघांनी हट्टच धरला, की लग्न गावातल्या जुन्या वाड्यात करायचे, तेही नाटकाच्या थाटात.

दादा तालुक्याच्या मांडववाल्याकडे जाऊन आले. कमानी, रंगमंच, रंगीत दिवे, सगळ्याचा आकडा ऐकून ते गप्पच बसले. सोयाबीनचे सारे पैसे त्यात जात होते आणि पेरणीला सोसायटीचे कर्ज काढावे लागले असते.

रात्री वहिनी म्हणाल्या, "वन्सं, पोरीचं मन मोडावं की घर मोडावं?"

मी म्हटले, "दोन्ही नको."

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून मानतात, आणि ते नाटकही लग्नाचेच! त्या नाटकांत आधी गणपती-सरस्वती येत, सूत्रधार पदे म्हणे, विदूषक हसवी. आपल्या लग्नातही आधी गणेशपूजन आणि पुढे मंगलाष्टके. अंतरपाट तर पडदाच! म्हणजे निम्मे नाटक आपल्या घरचेच असते.

मग आम्ही असे केले. पत्रिका नाटकाच्या जाहिरातीसारखी छापली. 'पात्रपरिचय' म्हणून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची नावे घातली. मंडळाचे जुने रंगवलेले पडदे धुळीतून काढून झटकले. भजनी मंडळाने नांदी म्हटली. भाचीचे मामा सूत्रधार झाले. प्रत्येक विधीआधी त्याचा अर्थ त्यांनी दोन वाक्यांत सांगितला. दोनच, कारण मुहूर्त कोणासाठी थांबत नाही! मांडववाल्याकडून घेतल्या त्या फक्त खुर्च्या आणि चौकावर सावलीचे कापड.

जुन्या वाड्याला मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखे जपावे लागते. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ साली, शाहू महाराजांच्या काळात उभे राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. जुने लाकूड एकदा पेटले की आवरत नाही. म्हणून आचाऱ्याची चूल वाड्याबाहेर मोकळ्या जागेत ठेवली. जुन्या वायरींवर भार न टाकता जाणत्या वायरमनकडून वेगळी लाइन घेतली. पाण्याची पिंपे आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या. फटाके अजिबात नाहीत. नुसती दिंडी उघडी ठेवली तर माणसे एकेक करून बाहेर पडतात, म्हणून मोठा दरवाजा सताड उघडा ठेवला. माडीवर गर्दी नको म्हणून जिना बंद केला. कोरीव खांबांना एकही खिळा ठोकला नाही. तोरणे सुतळीने बांधली.

आणखी एक सांगते. जागा केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांपैकी असेल, तर लेखी परवानगीशिवाय तिथे समारंभ करता येत नाही. वाडा खाजगी असेल तर सगळ्या भाऊबंदांना आधी विचारावे. एकाच्या होकारावर मांडव घातला की दुसरा ऐन हळदीच्या दिवशी कुलूप घेऊन येतो!

लग्न झकास झाले. पाहुणे अजून पत्रिकेची आठवण काढतात. पेरणीचे पैसे घरातच राहिले.

फजिती झाली ती दादांची. पाठवणीच्या वेळी बोलायला उभे राहिले आणि सारे शब्द विसरले. प्रॉम्प्टर नेमायचे आम्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शेवटी भाचीच हळूच म्हणाली, "आप्पा, सुखी राहा म्हणा."

तेवढे मात्र दादांच्या तोंडून निघाले, आणि अख्खा चौक डोळे पुसू लागला.