खपलीचा मान

अड्याळकडे भाताच्या बांधीत रोवणी करताना पायात काच शिरली, की घरची वडील मंडळी हमखास म्हणणार, "वारा लागू दे, खपली धरेल!" आपल्या मराठीनेही खपलीला केवढा मान दिला आहे! पण वाचकहो, १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगात दाखविले, की उथळ जखम झाकून ओलसर ठेवली, तर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरते.

स्पंजासारख्या फोमच्या पट्टीचे मर्म हेच. प्रयोगशाळेत ती ३७ अंश उष्ण मीठपाण्यात अर्धा तास बुडवितात, निथळून तोलतात. किती ओल प्यायली? फार प्यायली तर जखम सुकते. कमी प्यायली तर भोवतालची कातडी भिजून पांढरी पडते. शिवाय ती जखमेला चिकटता कामा नये. शीवच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केळीचे पान वापरून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले; तेही चिकटत नाही.

मात्र ओल म्हणजे चिखल नव्हे! बांधीतली जखम आधी स्वच्छ धुवावी, झाकावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी डॉक्टरांकडे जावे. खपलीची वाट पाहत बसू नये.