खरे इंधन वितळवून पाहिल्याशिवाय

थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीत पहिल्यांदा कॅमेरा उतरला तो जुलै १९८२मध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या त्या अपघाताला, २८ मार्च १९७९ला, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. इंधन तापून तडकले असेल, पण वितळले नसेल, असा अनेक जाणकारांचा कयास होता. इंधनकांड्या उभ्या असायला हव्यात तिथे कॅमेऱ्याला नुसती पोकळी दिसली. सुमारे दीड मीटर खाली ढिगारा लागला. गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला होता आणि त्यातला सुमारे १९ टन रस पोलादी पात्राच्या तळाशी जाऊन साचला होता, हे आणखी काही वर्षांनी उमगले. पात्र टिकले. तळाच्या पोलादाचे तुकडे कापून तपासले तेव्हा एका ठिकाणी ते ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याच्या खुणा सापडल्या.

युरेनियम, झिर्कोनियम, पोलाद, सगळे एकत्र वितळून होणाऱ्या या रसाला कोरियम म्हणतात. अपघातात तो कसा वागेल हे संगणकावर मांडता येते, पण ती मांडणी ज्या आकड्यांवर उभी असते ते कुठून आणायचे? फ्रान्समधल्या कॅडराश इथे फेबुस नावाच्या संशोधन अणुभट्टीत १९९३ ते २००४ या काळात पाच चाचण्या झाल्या त्या यासाठीच. बहुतेक चाचण्यांत एक मीटर लांबीच्या २० इंधनकांड्यांची जुडी, मधोमध नियंत्रण दांडा, आणि वाफ. ९०० मेगावॅटच्या अणुभट्टीची जणू पाचहजारांश प्रतिकृती. ही जुडी मुद्दाम वितळवली. मग एक्स-रे काढले, सगळे राळेत ओतून घट्ट केले आणि काप काढून पाहिले.

युरेनियम डायऑक्साइड सुमारे २८५० अंशांना वितळते. फेबुसमध्ये मात्र इंधन २३०० अंशांच्या आसपासच ढासळू लागले. कारण इंधनाभोवतीची झिर्कोनियमची नळी आधी वितळते आणि तिचा रस इंधनाला खाऊ लागतो. साखर कोरडी तापवून वितळवायला मोठी आच लागते, चहात मात्र ती सहज विरघळते, तसलाच प्रकार. सुमारे साडेपाचशे अंशांचा हा फरक अपघाताच्या वेळी चालकांच्या हातातला वेळ कमी करणारा आहे.

आयोडीनची गोष्ट त्याहून बोलकी. थायरॉइडला धोका करणारे हे द्रव्य बहुतेक सगळे सिझियमबरोबर बांधलेल्या कणांच्या रूपात बाहेर येईल, असे धरून चालले होते. प्रत्यक्षात काही आयोडीन वायुरूपात मिळाले. नियंत्रण दांड्यात चांदी होती त्या चाचण्यांत तिने पाण्यात उतरलेले आयोडीन पकडून ठेवले. शेवटच्या चाचणीत चांदीऐवजी बोरॉन कार्बाइडचा दांडा होता, तेव्हा वायुरूप आयोडीनचे प्रमाण वाढले. दांडा कशाचा यावरही गावापर्यंत काय पोचणार हे ठरते.

म्हणूनच खऱ्या द्रव्याऐवजी 'तसेच वागणारे' काहीतरी वापरण्याला मर्यादा आहेत. इटलीतल्या इस्प्राच्या क्रोटोस प्रयोगांत वितळलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड पाण्यात पडताच जोरदार वाफस्फोट झाले. कोरियम ओतले तेव्हा जोर बराच कमी भरला. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतल्या मास्का प्रयोगांत याच्या उलट, धडकी भरवणारे दिसले. वितळलेले पोलाद हलके, ते वर तरंगेल, असा हिशेब होता. पण त्यात युरेनियम उतरून ते जड झाले आणि तळाला बसले. थर असे खालीवर झाले की पात्राच्या भिंतीला सर्वाधिक चटका कुठे बसेल हेही बदलते.

अशा ज्ञानाचा उपयोग कुडनकुलमच्या अणुवीज केंद्रात झाला आहे. तिथल्या पात्राखाली कोरियम झेलणारे मोठे भांडे आहे आणि त्यात लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या विटा भरल्या आहेत. लोहाचे ऑक्साइड उरलेल्या झिर्कोनियमला हायड्रोजन न बनवता ऑक्सिजन पुरवते. शिवाय ऑक्साइडचा रस हलका होऊन वर येतो, त्यामुळे वरून सोडलेले पाणी धातूवर पडत नाही.

जैतापूरला प्रस्तावित असलेल्या ईपीआर अणुभट्टीची तऱ्हा वेगळी: रस १७० चौरस मीटरवर पातळ पसरवायचा आणि खालून-वरून थंड करायचा. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीत तर इंधन उभ्या कांड्यांत नाही, आडव्या नळ्यांत असते आणि त्या नळ्यांभोवती जड पाण्याची टाकी, तिच्याबाहेर पुन्हा पाणी. फेबुसचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राने या रचनेसाठी वितळलेली काच वापरून प्रयोग केले आहेत. उष्णता कुठून कशी निघून जाते हे काच नीट दाखवते. पण झिर्कोनियम इंधनाला कसे खाईल, थर कसे लागतील, हे काचेला विचारून उपयोग नाही. भारतीय बनावटीच्या अणुभट्ट्या वाढवायच्या असतील तर त्यांच्याच रचनेत, खऱ्या द्रव्यावर, मोठ्या प्रमाणातले प्रयोग हवेत. ते खर्चिक आहेत, वेळखाऊ आहेत, आणि टाळण्यासारखे नाहीत.

फुकुशिमात तीन अणुभट्ट्यांत मिळून सुमारे ८८० टन वितळलेले इंधन पडून आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये त्यातला पहिला नमुना बाहेर आला: एक ग्रॅमही नाही, ०.७ ग्रॅम. त्याची तपासणी झाली आणि निष्कर्ष जगापुढे ठेवले गेले. भारतातले प्रयोग शास्त्रीय नियतकालिकांत छापून येतात, पण तारापूरच्या मच्छीमाराला किंवा जैतापूर प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबनच्या आंबा बागायतदाराला ते वाचायला मिळत नाहीत. अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. कोणता प्रयोग झाला, काय निघाले, कुठे अंदाज चुकला, हे मंडळाने दरवर्षी मराठीतून छापावे आणि या गावांच्या ग्रामपंचायतींत ठेवावे.