गोळी का घेतली नाही, हे नीट विचारा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरी आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कित्येक घरांत ती पाकिटं फळीवर तशीच पडून असतात. का? टक्केवारीतून हे कळत नाही.

आम्ही डॉक्टर ‘अज्ञान’ म्हणून मोकळे होतो. मला हे पटत नाही. निवांत बसून विचारलं तर बाई सांगते: मळमळतं. संडास काळी होते. सासूबाई म्हणतात, गोळ्यांनी बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं कारण तर साधंच असतं, फडात आशाताई येत नाही. प्रत्येकीचा उपाय वेगळा. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या, चहासोबत नको. लोहानं संडास काळी होतेच, घाबरू नका. गोळी चालू नसताना झाली तर मात्र लगेच दाखवा. आणि बाळाच्या भीतीबद्दल सुनेशी बोलून भागत नाही, सासूशी बोलावं लागतं.

असा शोध पद्धतशीर घेतला की त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. कोणाशी बोलायचं ते आधी ठरतं, परवानगी घेतात, बोलणं शब्दशः उतरवतात, नवीन काही निघेनासं होईपर्यंत मुलाखती घेतात. वीस जणींशी बोलून ‘इतके टक्के’ सांगता येत नाहीत. कोणी सांगितलेच तर विश्वास ठेवू नका.

दोन्ही लागतात. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. हे 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पण बायका आपल्या शरीराबद्दल काय मानतात, हे राणीताईंना त्यांच्याजवळ बसून ऐकावं लागलं. त्यांचं ‘कानोसा’ हे पुस्तक त्यातूनच आलं.

तुमच्या दारात कोणी माहिती विचारायला आलं, तर आधी विचारा: कशासाठी? माझं नाव येणार का? नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. बोलायचं ठरलं तर घरच्यांसमोर नको, वेगळं बसू म्हणा. आणि गोळ्या घेत नसाल तर ताईला बरं वाटावं म्हणून ‘घेते’ सांगू नका. का घेत नाही, तेवढं सांगा.