परक्या चुलीवरची न्याहारी

घरांत चूल पेटलेली असतां बाहेर जाऊन न्याहारी करणें म्हणजे घरच्या बाईचा अपमान, अशी समजूत आपल्या कुटुंबांतून अद्याप सर्वस्वीं गेलेली नाहीं. नातू रविवारीं सकाळीं ‘आज बाहेर जाऊं’ म्हणाला, कीं आजोबांच्या कपाळास आठी पडते. सुनेची मात्र एका सकाळीं चुलीपासून सुटका झाल्याचा आनंद लपवितां लपवितां पुरेवाट होते. प्रश्न लहानसा दिसतो. परंतु कोणाच्या हातचें व कोणाच्या शेजारीं बसून खावें, हा आपल्या समाजांतील फार मोठा प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला आहे. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्वतःच्या चुलीची माया किती जुनी आहे हें पाहावयाचें असेल, तर पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं वसलेल्या इनामगावास जावें. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृति विद्वानांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांत चुली सांपडल्या, धान्य सांठविण्याच्या जागा सांपडल्या, जळून कोळसा झालेले जवाचे दाणे सांपडले. आपापलें घर आणि आपापली चूल, ही रीत इतकी पुरातन आहे. चुलीभोवतीं कुटुंब जमतें, ही तिची थोरवी. पण कुटुंबाबाहेरचा माणूस तेथें सहसा येत नाहीं, ही तिची मर्यादा. त्याच्या शेजारीं बसावयाचें तर चूल तिऱ्हाइताचीच हवी.

अशी तिऱ्हाइताची चूल हल्लीं आपल्यापैकीं अनेकांच्या दृष्टीस परदेशांत पडते. मुलगा किंवा जांवई क्वालालंपुरास नोकरीस असतो, आणि आईबाप चार आठवडे त्याच्याकडे जाऊन येतात. मलेशियांत सकाळीं लोक ज्या जुन्या कॉफीच्या दुकानांत जमतात, त्याला ‘कोपीतियाम’ म्हणतात. ‘कोपी’ हा मलायी भाषेंतला कॉफीचा शब्द, आणि ‘तियाम’ म्हणजे चिन्यांच्या होक्किएन बोलींत दुकान. नांवांतच दोन समाजांचा संसार मांडलेला आहे. हीं दुकानें पुष्कळशीं हैनान बेटांतून आलेल्या चिन्यांनीं काढलीं. हे लोक तेथें इतर चिन्यांच्या मागून पोंचले, तेव्हां चांगले धंदे आधींच अडलेले होते. म्हणून त्यांनीं इंग्रजांच्या घरीं व जहाजांवर आचाऱ्याचें काम पत्करिलें आणि पुढें तीच विद्या भांडवल करून दुकानें थाटलीं. क्वालालंपूरचें ‘युत की’ हें अशांपैकींच एक, १९२८ सालचें.

तेथील न्याहारीचा थाट साधा असतो. संगमरवरी टेबल, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या. साखर व लोण्यासारखा स्निग्ध पदार्थ घालून काळीकुट्ट भाजलेली आणि कापडी पिशवींतून गाळलेली कॉफी. तींत डब्यांतलें आटीव गोड दूध. सोबत निखाऱ्यावर भाजलेला पाव, त्यावर लोण्याची वडी आणि ‘काया’ नांवाचा गोड लेप. हा काया नारळाचें दूध, साखर व अंडीं आटवून केलेला असतो, हें अंडें वर्ज्य मानणाऱ्या घरांनीं आधीं जाणून नुसता लोणीपाव मागावा. नारळाच्या दुधांत शिजविलेला भात केळीच्या पानांत बांधून येतो, त्याच्या तोंडीं लावावयास सुकी मासळी असते, हेंही ध्यानांत असूं द्यावें. तथापि ही पंगतही सर्वांना सारखीच खुली नाहीं. जेथें डुकराचें मांस शिजतें, तेथें मलायी मुसलमान बसत नाहीं. कोणतेंही टेबल अद्याप सगळ्या जगाला पुरलेलें नाहीं.

हें वर्णन वाचून जुन्या पुणेकरास व मुंबईकरास इराण्याचें हॉटेल आठवल्यावांचून राहणार नाहीं. तींच संगमरवरी टेबलें, त्याच खुर्च्या, तसाच कडक पेय आणि लोणीपाव यांचा जोड! इराणांतील यझ्द व केरमान या भागांतून आलेले हे लोक, त्यांत जरथुष्ट्री विशेष, पारशांच्या फार मागून मुंबईस उतरले, आणि हैनानच्या लोकांप्रमाणेंच चहा व पाव यांवर त्यांनीं आपला जम बसविला. धोबी तलावावरील ‘क्यानी’ १९०४ सालचें, बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ १९२३ सालचें, आणि पुण्यांत डेक्कन जिमखान्यावरील ‘गुडलक’ १९३५ सालचें. या शेवटच्याचें नांव तर शेजारच्या चौकासच पडलें आहे. बनमस्का चहांत बुडवून खाणारा विद्यार्थी, कारकून आणि टांगेवाला यांना एकाच टेबलाशीं बसविणें त्या काळीं दुसऱ्या कोणास साधलें असतें?

याच पुण्यांत त्यापूर्वीं अवघीं पंचेचाळीस वर्षें चहाच्या एका कपानें केवढा गहजब माजविला होता! १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं घोट घेतला, कोणीं नुसता हात लाविला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असणाऱ्यांचीं नांवें छापून आणलीं, ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि टिळक-रानड्यांसारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या वादांत सांपडावें लागलें. त्याच ग्रामण्य करणाऱ्यांचीं नातवंडें पुढें इराण्याकडे बिनघोर चहा पिऊं लागलीं. व्याख्यानांनीं जें झालें नाहीं, तें पैशा-दोन पैशांच्या चहानें केलें.

परंतु चहाचें दुकान निघालें कीं भेद आपोआप मिटतो, असें मात्र कोणीं समजूं नये. कोल्हापुरांत गंगाराम कांबळे या महार गृहस्थानें शाहू महाराजांच्या आश्रयानें चहाचें हॉटेल काढलें, तेव्हां गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः आपली गाडी तेथें थांबवीत, गंगारामाच्या हातचा चहा घेत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावीत. १९२२ सालीं महाराज निवर्तले. पण तो चहा महाराष्ट्र विसरला नाहीं. इराण्याच्या टेबलाशीं जें नकळत घडलें, तें तेथें जाणूनबुजून, लोकांच्या डोळ्यांदेखत करावें लागलें. परका इराणी आपल्याला चालला. आपल्याच गांवचा शेजारी चालावयास मात्र राजाची गाडी दारांत उभी राहावी लागली!

म्हणून आमचें घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींस इतकेंच सांगणें आहे कीं, महिन्यांतून एखादे दिवशीं मुलांनीं बाहेरच्या न्याहारीचा हट्ट धरला, तर नाराज होऊं नये. आपणही त्यांच्यासंगें जावें. ज्यांचें सोवळें असेल त्यांच्यावर जुलूम नको. त्यांनीं दूध-फळें घ्यावीं, पण सोबत द्यावी. घरच्या बाईस त्या दिवशीं खुर्चीवर बसून कोणी वाढलेलें खाऊं द्यावें. तेवढ्यानें तिच्या हातच्या पोह्यांची चव कमी होत नाहीं.

आणि परत आल्यावर स्वयंपाकघरांत एकवार नजर टाकावी. भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा कप अजून कोनाड्यांत निराळा, पालथा घातलेला असेल, तर तो तेथून उचलावा व सर्वांच्या कपांत मिसळून टाकावा. हॉटेलांत कोणीही प्यालेल्या कपानें आपण चहा घेतों आणि घरीं येऊन निराळा कप राखतों, यांत धर्म नाहीं आणि व्यवहारही नाहीं. सुनेला सांगून हें होत असेल तर उत्तम; पण घरांतील वडिलांनीं स्वहस्तें केलें, तर मुलांना समजावून सांगावयास फारसें उरणार नाहीं.