परतलेल्या सैनिकाची गावातली जागा

१९०१ सालचा उन्हाळा. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर चार मुले आगगाडीतून उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर चमचमत्या टोप्या, पायात नवे बूट. वडिलांना पाठवलेले पत्र त्यांच्या हाती पडलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, मुलांनी जात सांगितली आणि त्याचा नूरच पालटला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर राजी झाला, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. रात्री मुक्कामावर भरलेला डबा सोबत होता, पण पाणी कुणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली.

त्यांच्यातला एक भीमराव आंबेडकर. ज्यांना भेटायला ही मुले निघाली होती ते भीमरावांचे वडील रामजी सकपाळ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेले. आजोबाही फौजेतलेच. ही हकीकत अस्पृश्यतेची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण ती एका माजी सैनिकाच्या घरची हकीकतही आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. छावणीत ज्याला हाताखालचे शिपाई सलाम ठोकत होते, त्याच्या मुलांना जिल्ह्यातल्या वाटेवरच्या एका मुक्कामी घोटभर पाणी मिळू नये, हे अंतर पलटण आणि गाव यांच्यातले होते.

युद्ध माणसाला मोडते, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण लढून आलेल्या माणसांच्या हकिगती बारकाईने पाहिल्या, तर बरेचदा त्यांची मोडतोड घरी परतल्यावर झालेली दिसते. पलटणीत माणूस एकटा नसतो. संध्याकाळची गिनती होते तेव्हा एक जण जरी कमी भरला तरी सगळे थांबतात. प्रत्येकाला एक ‘बडी’ नेमून दिलेला असतो, बर्फात दोघे एकाच दोराने बांधलेले असतात, बड्या खान्याला अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. आपण नसलो तर कुणाला तरी कळेल आणि कुणी तरी शोधायला येईल, ही खात्री फौज देते. गावात परतल्यावर ती खात्री उरते का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सैनिकाने द्यायचे नाही, समाजाने द्यायचे आहे.

महाराष्ट्राने हे उत्तर एकदा फार वाईट दिले आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणात दापोलीला निवृत्त महार सैनिकांची मोठी वस्ती होती. पलटणीतल्या शाळांत मुलामुलींनाही शिकावे लागे, त्यामुळे ही माणसे लिहिती-वाचती झाली होती, हुद्दे भोगून आली होती. १८८६ मध्ये निवृत्त झालेले हवालदार गोपाळबाबा वलंगकर तिथलेच. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार कुठला, असे जाहीरपणे विचारले. पुढे लढवय्या जाती ठरवण्याच्या इंग्रजी खुळापायी महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा १८९४ मध्ये त्याविरुद्धचे विनंतीपत्रही त्यांनीच तयार केले. त्या अर्जात नोकरीची मागणी तर आहेच, पण जिथे आपल्याला माणूस म्हणून मोजले गेले ते एकमेव दार बंद होत असल्याची तगमगही आहे.

फौज म्हणजे समतेचा स्वर्ग होता, असे कुणी समजू नये. तिथेही जातवार कंपन्या होत्या, आणि ज्या सरकारने भरती केली त्यानेच ती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. तरीही त्या सैनिकांनी छावणीतून एक गोष्ट गावी आणली, ती म्हणजे आपल्याला कसे वागवले जायला हवे याचे माप. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर जी माणसे चालत गेली, त्यांत कोकणातले निवृत्त सैनिक होते, हा योगायोग मानता येत नाही. पलटणीत मिळालेला आपलेपणा गावाने नाकारला, तेव्हा त्यांनी तो हक्क म्हणून मागितला.

याच्या उलट उदाहरणही त्याच सातारा जिल्ह्यात आहे. अपशिंगे हे गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. तिथे आणि आसपासच्या गावांत निवृत्त होऊन आलेला माणूस, हुद्दा कोणताही असो, सगळ्यांचा ‘मेजर’ असतो. पारावर त्याच्या शेजारी बसलेल्यांपैकी चार जण लडाख नाही तर तवांग पाहून आलेले असतात. त्याला काहीही समजावून सांगावे लागत नाही. न बोलता बसला तरी चालते.

अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात याच्या नेमके उलटे केले. तिथे सैनिकांची नेमणूक व्यक्तिशः, साधारण वर्षभराची असे. ज्याची मुदत संपली तो एकटाच विमानात बसायचा आणि एक-दोन दिवसांत आपल्या शहरातल्या रस्त्यावर उभा असायचा. साथीदार मागे रणात आणि पुढे एक असा देश, ज्याला त्या युद्धाबद्दल ऐकायचेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आठवडेच्या आठवडे बोटीवर एकमेकांच्या संगतीत काढून परतले होते. या पोरांना तेवढाही अवधी मिळाला नाही. मग १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये परतलेले सैनिक स्वतःच एकत्र जमून आपापसात बोलू लागले, रॉबर्ट लिफ्टनसारखे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले. युद्धानंतरच्या या मानसिक आघाताला १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारशास्त्राने अधिकृत मान्यता दिली, तिच्यामागे या सैनिकांचा रेटा मोठा होता. उपचाराची सुरुवात औषधाच्या गोळीने झाली नव्हती, ती आपल्यासारख्यांच्या घोळक्यात बसण्याने झाली होती.

जखमी देहाचेही तेच. सांगलीजवळच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्यांनी जायबंदी झाले, कमरेखालचे शरीर लुळे पडले. सात वर्षांनी, १९७२ मध्ये, हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. लष्करी रुग्णालयात त्यांना पाण्यात उतरवले गेले, पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी मिळाली, म्हणजे उठून जायला रोज एक ठिकाण मिळाले. देशाने मात्र त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये. खडकीच्या पक्षाघात पुनर्वसन केंद्रात आजही पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान राहतात, तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. पुण्यात आयुष्य काढलेल्या किती जणांनी हे केंद्र आतून पाहिले आहे? वर्षातून एकदा, ७ डिसेंबरला, खिशाला ध्वजदिनाचे चिकटपत्र लावण्यापलीकडे आपले पाऊल पडत नाही, याचे वाईट वाटायला हवे.

काही माणसे गाव आपल्याला जागा देईल याची वाट पाहत नाहीत, ती जागा स्वतः उभी करतात. अण्णा हजारे लष्करात ट्रकचालक होते. १९६५ मध्ये खेमकरणला त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, साथीदार मेले, ते वाचले. १९७५ मध्ये निवृत्त होऊन ते राळेगणसिद्धीला आले आणि साठवलेला पैसा यादवबाबांच्या पडक्या देवळाच्या दुरुस्तीत घातला. तिथे माणसे जमू लागली, मग श्रमदानाने बंधारे झाले, पाणी अडले. त्यांच्या पुढच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात, पण दुष्काळी गावाला पुन्हा एकत्र कामाला लावण्याची ही रीत फौजेतून आली होती, हे मान्य करावे लागेल. त्याच रीतीची काळी बाजूही तिथे दिसली. दारू पिणाऱ्यांना देवळाच्या खांबाला बांधून फटके दिले गेले. छावणीचा आपलेपणा गावात आणावा, छावणीची शिक्षा आणू नये. गावात माणूस भरती झालेला नसतो, त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो.

हे सगळे आता निकडीने बोलायला हवे, कारण परतणाऱ्यांची एक अगदी नवी जात तयार होते आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. त्या वर्षाच्या अखेरीपासून पहिल्या तुकड्या दाखल होऊ लागल्या, त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरत जातात. योजनेप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होणार, बाकीचे घरी. हातात सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये, निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. वय असेल जेमतेम बावीस-तेवीस. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत हा मुलगा परतेल आणि पारावरच्या ‘मेजर’च्या शेजारी बसताना आपण नक्की कोण, हे त्यालाच ठरवता येणार नाही.

केंद्रीय पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, त्या हव्यातच. पण नोकरी मिळेपर्यंतचे पहिले वर्ष सर्वांत नाजूक असते आणि ते गावातच जाणार आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे दार या मुलांना पूर्ण उघडे हवे, दर्जाचा कागद नसला तरी. एका पलटणीतून आलेल्यांना महिन्याकाठी एकत्र बसण्यासाठी तालुक्याच्या गावी एक खोली हवी, तीही अनुभवी निवृत्त सुभेदार-हवालदारांच्या सोबतीने. कृष्णाकाठच्या गावांना पुराची भीती दर पावसाळ्यात असते. प्रशिक्षित, धडधाकट पोरांचे बचावपथक प्रत्येक पूरग्रस्त तालुक्याला मानधनावर का असू नये? ग्रामपंचायतींनी याबाबतचा ठराव पहिली तुकडी परतण्याआधी करायचा आहे, कारण सत्कार आणि मिरवणुकीनंतरच्या सोमवारी सकाळी त्या मुलाला कुठे जायचे ते ठाऊक असले पाहिजे.